आधी निदान, मग गुटी

वाढीत आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड किंवा सुवर्णप्राशनाचा आधार घेणारी कुटुंबे शहरांतही कमी नाहीत. या औषधींविषयी ग्रंथ नेमके काय सांगतात, आधुनिक चाचण्यांत काय आढळले आणि पालकांनी सावध कोठे राहावे, याचा हा आढावा.

मराठी घरात बाळ जन्माला आले की दोन वस्तूंची शोधाशोध होते. एक पाळणा आणि दुसरी सहाण. हिरडा, बेहडा, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, हळकुंड, खारीक, बदाम आणि वेखंड यांचे तुकडे एका डबीत जमा होतात आणि आजीच्या देखरेखीखाली रोज सकाळी एकेकाचे ठरावीक वळसे दुधात उगाळले जातात. त्यातील वेखंडावर आजीचा विशेष भर असतो. वेखंडाने वाणी स्वच्छ होते, मूल लवकर बोलू लागते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

मूल ठरल्या वेळी बोलू लागले, तर श्रेय वेखंडाला मिळते आणि कोणाचेच काही बिघडत नाही. प्रश्न उभा राहतो तो मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही तेव्हा. 'याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला,' असा दिलासा दिला जातो. वेखंडाचे वळसे वाढवले जातात. कोणी ब्राह्मीचे सरबत सुचवते, कोणी पुष्य नक्षत्रावरच्या सुवर्णप्राशनाच्या शिबिराचा पत्ता देते. यात सहा महिने जातात, कधी वर्ष जाते. मुलाची श्रवणचाचणी मात्र तोवर झालेली नसते.

बालपणातील विकासात्मक अक्षमता ही काही तुरळक आढळणारी बाब नाही. देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. श्रवणदोष, दृष्टिदोष, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक प्रकार साधारणपणे दर आठ मुलांमागे एकात आढळला. याचा अर्थ हा प्रश्न प्रत्येक इमारतीत, प्रत्येक वर्गात आहे. साहजिकच त्यावरील 'हमखास' औषधांनाही गिऱ्हाईक कमी नाही.

ग्रंथांत काय आहे?

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक संपूर्ण अंग बालकांसाठी आहे. त्याला कौमारभृत्य म्हणतात. या शाखेचा प्रमुख ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळमध्ये सापडलेल्या त्याच्या अपूर्ण हस्तलिखितावरून पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह तो १९३८ मध्ये प्रकाशित झाला. आज सर्वत्र गाजणाऱ्या सुवर्णप्राशनाचा मुख्य आधार याच ग्रंथातील 'लेहाध्याय' हा आहे. धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात सोने उगाळून मध व तुपासह बालकाला चाटवावे. त्याने बुद्धी, अग्नी आणि बल वाढते, महिनाभरात बालक मेधावी होते आणि सहा महिन्यांत ऐकलेले लक्षात ठेवणारे होते, असा त्यातील आशय आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही सोन्याबरोबर वेखंड, कोष्ठ आदी द्रव्यांचे योग बालकांसाठी सांगितले आहेत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'मेध्य रसायने' म्हणून चार वनस्पतींचा उल्लेख येतो. मंडूकपर्णीचा रस, दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चौघींत शंखपुष्पीला विशेष मेध्य म्हटले आहे. बाजारातील बहुतेक 'बुद्धिवर्धक' सरबतांची वंशावळ येथवर पोहोचते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे सारे वर्णन बालकांच्या किंवा रसायन घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांच्या पोषणाच्या आणि मेधावृद्धीच्या संदर्भात आले आहे. जन्मजात अक्षमता घेऊन आलेले मूल या लेहाने इतरांसारखे होईल, असे आश्वासन त्यात नाही. उलट, कोणत्या बालकांना लेह देऊ नये, याचीही यादी लेहाध्यायात आहे. जाहिरातीत मात्र पहिला भाग ठळक अक्षरांत येतो आणि दुसरा गाळला जातो.

विकासात मागे पडलेल्या मुलाचा खरा विचार काश्यपसंहितेत दुसऱ्याच ठिकाणी, 'फक्क' या रोगाच्या प्रकरणात केलेला आढळतो. वर्षाचे झाले तरी जे बालक पायांनी चालत नाही, ते फक्क, अशी त्याची व्याख्या. दूषित दुधामुळे होणारा क्षीरज, मातेच्या पुन्हा गर्भवती होण्याशी जोडलेला गर्भज आणि अन्य आजारांनंतर येणारा व्याधिज, असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. आजचे अभ्यासक या वर्णनात कुपोषण, मुडदूस आणि काही अंशी सेरेब्रल पाल्सी यांच्या खुणा पाहतात. उपचार सांगताना ग्रंथकार औषधी तूप, दूध आणि तेलाचे मर्दन यांवरच थांबत नाही. मुलाला उभे राहून चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांचा एक छोटा रथ करून द्यावा, असेही तो सांगतो. आपल्याकडचा पांगुळगाडा याहून फार वेगळा नाही. मुलाकडून हालचाल करून घेतल्याशिवाय चाटण पुरेसे होत नाही, हे त्या काळच्या वैद्यालाही ठाऊक होते, असा याचा अर्थ काढल्यास वावगे ठरणार नाही.

नाव एक, वनस्पती अनेक

ग्रंथातून बाजारात येताना पहिला घोळ होतो तो नावांचा. 'ब्राह्मी' या नावाने महाराष्ट्रात बहुधा गोलसर, बेडकाच्या पायासारख्या पानांची वेल ओळखली जाते. शास्त्रीय परिभाषेत ती सेंटेला एशियाटिका, म्हणजेच मंडूकपर्णी. अधिकृत औषधिकोशात मात्र ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, जिला आपल्याकडे जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. दोन्ही पाणथळ जागी वाढतात. परंतु त्यांची कुळे वेगळी आणि त्यांतील रासायनिक घटकही वेगळे आहेत.

शंखपुष्पीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. औषधिकोशात मान्य असलेली शंखपुष्पी एक. पण त्याच नावाने विष्णुक्रांताही विकली जाते आणि केरळात गोकर्णीला शंखपुष्पी मानण्याची परंपरा आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून पुडी बांधून आणलेली वनस्पती नेमकी कोणती, हे त्यामुळे ग्राहकाला तर नाहीच, पुष्कळदा दुकानदारालाही सांगता येत नाही. एका वनस्पतीवर झालेल्या संशोधनाचा दाखला दुसरीच्या बाटलीवर छापला जातो, तो याच गोंधळाच्या आधाराने.

चाचण्या काय सांगतात?

या वनस्पतींकडे संशोधकांनी दुर्लक्ष केलेले नाही. बाकोपातील 'बाकोसाइड' या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आणि त्यातून एक प्रमाणित अर्क तयार झाला. निरोगी प्रौढांवर झालेल्या काही नियंत्रित चाचण्यांत, सुमारे तीन महिने बाकोपा घेतल्यानंतर शब्द आठवण्याच्या क्षमतेत माफक सुधारणा नोंदवली गेली आहे.

मुलांच्या बाबतीत चित्र तितके स्पष्ट नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० मुलांवर मंडूकपर्णीची चाचणी करून तिचे निष्कर्ष १९७३ मध्ये भारतात प्रसिद्ध झाले होते. तीन व सहा महिन्यांनंतर बौद्धिक क्षमतेत वाढ दिसल्याचे त्यात म्हटले होते. आजही या विषयावरील लेखांत तिचा हवाला दिला जातो. परंतु ३० मुलांच्या एका प्रयोगावरून लाखो मुलांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. अलीकडे, २०२२ मध्ये, अवधानाचा अभाव व अतिचंचलता असलेल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलग्यांवर लखनौच्याच प्रमाणित अर्काची १४ आठवड्यांची चाचणी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केली. विचारांची लवचिकता, झोप यांसारख्या काही दुय्यम बाबींत फरक दिसला. मात्र वर्तनातील सुधारणा हा जो चाचणीचा मुख्य निकष होता, त्यात औषध आणि बनावट गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

सेरेब्रल पाल्सीत अभ्यंग, स्वेदन आणि बस्ती यांचा उपयोग होतो का, याविषयी आयुर्वेद महाविद्यालयांतून छोटे अभ्यास झाले आहेत. ताठरलेले स्नायू काहीसे सैल होणे, झोप सुधारणे असे लाभ त्यांत नोंदवले आहेत. मात्र यांतील बहुतेक अभ्यासांत मुलांची संख्या अल्प असते आणि मुलांना फिजिओथेरपीही चालू असते. त्यामुळे लाभाचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

थोडक्यात, या वनस्पती निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणत नाही. पण सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता यांपैकी एकही अवस्था त्यांच्यामुळे बरी होते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा आज उपलब्ध नाही.

अनेक कारणे, एकच सरबत

हे असे का, याचे उत्तर या अवस्थांच्या कारणांत आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक जादा असते. हे कारण १९५९ मध्ये उजेडात आले. सेरेब्रल पाल्सीत जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. स्वमग्नतेत मेंदूची जडणघडणच वेगळ्या प्रकारे होते आणि तिच्यामागे अनेक जनुकांचा वाटा असतो. बहिरेपणात मेंदू शाबूत असतो; पण आवाजच आत पोहोचत नाही, म्हणून मूल बोलत नाही. थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करीत नसेल, तर मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरकच शरीरात तयार होत नाही.

घरच्यांना ही पाचही मुले एकसारखीच दिसू शकतात: उशिरा बसणारी, उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी. औषधविक्रेत्यालाही ती एकसारखीच दिसतात आणि पाचही जणांना तो एकच बाटली देतो. वास्तविक यांतील प्रत्येकाची वाट वेगळी आहे आणि काहींच्या बाबतीत ती घड्याळाशी बांधलेली आहे.

थायरॉइडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जन्मजात थायरॉइडन्यूनता असलेले तान्हे बाळ सुस्त असते, फार झोपते, कमी रडते; त्याची कावीळ लवकर उतरत नाही आणि त्याला बद्धकोष्ठ असते. 'बाळ शांत आहे, पोट तेवढे साफ होत नाही,' असे घरात म्हटले जाते आणि अशा बाळाला गुटीचा डोस वाढवून दिला जातो. खरे तर थायरॉक्सिनची स्वस्तातली गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच वाढते. काही महिन्यांचा उशीर झाला, तर झालेले नुकसान पुढे कोणत्याच औषधाने भरून येत नाही. जन्मानंतर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणारी एक तपासणी हे सारे टाळू शकते.

ऐकण्याचेही तसेच. पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व प्रशिक्षण, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि निकषांत बसणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होते. तिची वयोमर्यादा एक ते पाच वर्षे आहे. वेखंडाच्या भरवशावर घालवलेले प्रत्येक वर्ष या पाच वर्षांतून वजा होते.

निसर्गातले म्हणून निर्धोक?

'औषध वनस्पतीचे आहे, गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही,' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. तो तपासून पाहायला हवा.

पहिला मुद्दा जड धातूंचा. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. रसशास्त्रावर आधारित औषधांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते. पण केवळ वनस्पतीजन्य म्हणवणारी उत्पादनेही त्यातून सुटली नव्हती. कज्जली, रससिंदूर, नागभस्म ही औषधे पारा व शिसे यांपासूनच बनतात. शोधन-मारणाच्या विधीनंतर ती निर्दोष होतात, अशी परंपरेची भूमिका आहे. ती मान्य केली, तरी बाजारातील प्रत्येक पुडीवर हे विधी शास्त्रोक्त झाले आहेत याची हमी कोण देणार?

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेले शिसे लहान मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. शिशाचा पहिला घाव मेंदूवर होतो. बुद्धी वाढावी म्हणून दिलेल्या औषधातूनच ती घटवणारे द्रव्य पोटात जावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

दुसरा मुद्दा वेखंडाचा. त्यात 'बीटा-असारोन' नावाचे द्रव्य असते. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे आतड्यात गाठी झाल्याचे दिसले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. सहाणेवरचा एखादा वळसा आणि रोज चमचाभर चूर्ण यांत अंतर आहेच. पण 'मूल बोलत नाही म्हणून वेखंड वाढवा' हा सल्ला या माहितीच्या प्रकाशात तपासायला हवा. जायफळाचेही तसेच. बाळ झोपावे म्हणून ते जास्त उगाळले, तर येणारी गुंगी नैसर्गिक झोप नसते.

तिसरा मुद्दा मधाचा. सुवर्णप्राशन असो वा घरगुती चाटण, त्यात मध असतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मधात असू शकणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. तो क्वचित होतो. परंतु जिवावर बेतू शकतो.

चौथा मुद्दा इतर औषधांशी होणाऱ्या संयोगाचा आणि त्याचा दाखला थेट मुंबईतला आहे. फेनिटॉइन हे फिट्सवरील औषध घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके शंखपुष्पीचे सरबत सुरू केल्यानंतर पुन्हा बळावल्याचे केईएम रुग्णालयातील डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा शंखपुष्पीच्या त्या योगामुळे रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटत असल्याचे दिसले. हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक मुलांना फिट्सचाही त्रास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते. फिट्सची गोळी एकाएकी बंद करून 'आता फक्त आयुर्वेदिक' असा निर्णय घेणे तर थेट प्राणाशी खेळ ठरू शकते.

कायदा काय म्हणतो?

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याला जोडलेल्या सूचीत ५४ व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. मेंदूचे विकार, चेतासंस्थेचे विकार, बहिरेपणा आणि अपस्मार यांची नावे या सूचीत आहेत. औषध नियमावलीच्या 'जे' परिशिष्टातही औषधांनी कोणत्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा करू नये, याची यादी आहे. तीत बौद्धिक अक्षमतेसोबतच 'मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढवणे' याचाही उल्लेख आहे. याच नियमावलीतील 'ई-१' परिशिष्टानुसार पाऱ्यासारखी विषारी द्रव्ये असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

केवळ वनस्पतीजन्य असलेल्या आयुर्वेदिक औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून निर्यातीकरिता सक्तीची करण्यात आली. शिशाची मर्यादा त्यात दर दहा लाख भागांत १० भाग अशी ठरली आहे. देशातल्या पालकांनीही हाच निकष लावून औषधाच्या तपासणीचा दाखला मागायला काहीच हरकत नाही.

वेळ कशी ओळखावी, जावे कोठे?

मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत विलक्षण वेगाने होते. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. म्हणूनच शंका आल्यावर वाट न पाहणे, हा या विषयातील पहिला नियम आहे. चार महिन्यांत मान न सावरणे, नऊ महिन्यांत आधाराशिवाय न बसणे, वर्षाच्या वयात नावाने हाक मारल्यावर न पाहणे किंवा हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांत दोन शब्दांचे वाक्य न जोडणे आणि कोणत्याही वयात आलेली भाषा किंवा कौशल्य हरवणे, यांपैकी काहीही दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सार्वजनिक यंत्रणाही उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याअंतर्गत फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जाऊन मुलांची तपासणी करतात आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. विशेष म्हणजे या पथकांतील डॉक्टर 'आयुष' पदवीधर असतात. अर्थात, मुलातील विलंब प्रथम टिपणारी व्यक्ती अनेकदा आयुर्वेदाचीच डॉक्टर असते. ती चाटणाची बाटली हाती न देता मुलाला तपासणीसाठी पुढे पाठवते. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांनी हातात हात घालून काम कसे करावे, याचा हा वस्तुपाठच म्हणायला हवा.

मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवणविषयक निदान व उपचार होतात. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही बालविकासाशी निगडित सेवा मिळतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना असून तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यता दिलेल्या २१ प्रकारांत या साऱ्या अवस्था येतात. त्यामुळे शाळाप्रवेश व सवलतींसाठी प्रमाणपत्र काढून घेणे हिताचे ठरते.

मग आयुर्वेदाला स्थान कोठे?

ते आहे, पण निदानानंतर आणि थेरपीच्या जोडीला. या मुलांना बद्धकोष्ठ, मंद भूक, अपुरी झोप, वारंवार सर्दी-खोकला अशा तक्रारी नेहमीच असतात. त्यांवर कौमारभृत्य विषयातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांचा सल्ला घेता येतो. तेलाचा अभ्यंग मुलाला आवडतो. त्यामुळे आई-वडिलांच्या स्पर्शाचा सहवास वाढतो आणि त्यानंतर लगेच व्यायाम घेतला, तर ताठर सांधे हलवणे सोपे जाते, असा पालकांचा अनुभव आहे. मात्र अभ्यंग हा फिजिओथेरपीला पर्याय ठरू शकत नाही.

औषध सुरू करण्यापूर्वी वैद्यांना काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. यात कोणकोणती द्रव्ये आहेत? भस्म किंवा पारदकल्प आहे का? नेमकी कोणती ब्राह्मी, कोणती शंखपुष्पी? धातूंच्या तपासणीचा दाखला आहे का? मुलाला फिट्सची गोळी चालू आहे, तिच्याबरोबर हे चालेल का? किती दिवस घ्यायचे आणि कोणता फरक दिसला नाही तर थांबायचे? जाणकार वैद्य या प्रश्नांनी रागावत नाहीत. घटक 'गुप्त' ठेवणारा, चालू औषधे बंद करायला लावणारा आणि अमुक महिन्यांत मूल 'नॉर्मल' करून देण्याची भाषा करणारा माणूस समोर असेल, तर तेथून उठणेच शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट. अशा मुलाच्या आईला गर्भारपणात काय खाल्ले येथपासून गुटी का चुकवली येथपर्यंत जाब विचारला जातो. वर सांगितलेल्या कारणांपैकी एकाचाही संबंध चुकलेल्या गुटीशी नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतले, तर त्या आईचे निम्मे ओझे उतरेल.

सहाण घरात राहू द्यावी. बाळाच्या पोटासाठी हिरड्याचा एखादा वळसा आजीने जरूर उगाळावा. मात्र बाळ हाकेला वळून पाहत नसेल, तर वेखंडाचा वळसा वाढवण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. चालू न शकणाऱ्या मुलासाठी काश्यपांनी तीन चाकांचा रथ करून घेतला. आजच्या काळात तो रथ म्हणजे वेळेवर झालेले निदान आणि रोजची थेरपी. तो मुलापर्यंत वेळेत पोहोचावा, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.